सरासरीत दडलेली हानी

धुराने डोळे चुरचुरले किंवा घसा धरला, तर शरीर ताबडतोब तक्रार करते आणि माणूस खिडकी लावून घेतो. मेंदू अशी तक्रार करीत नाही. त्याच्या ऊतीला वेदना जाणवत नाहीत, हे एक कारण आहेच. पण त्याहून अवघड गोष्ट अशी, की आपली समज थोडी मंदावली आहे का, स्मरणशक्ती पूर्वीइतकी तल्लख राहिली आहे का, हे तपासण्याचे काम ज्या अवयवाने करायचे, तोच येथे बाधित झालेला असतो. प्रदूषण आणि फुप्फुसे यांचा संबंध कोणाला समजावून सांगावा लागत नाही. प्रदूषण आणि बुद्धी यांचा संबंध मान्य व्हायला मात्र कित्येक दशके गेली, आणि मान्य झाल्यावरही तो सहज विसरला जातो, कारण त्याच्या पुराव्यासाठी समोर उभा करता येईल असा रुग्ण बहुतेक वेळा नसतोच. एखाद्या मुलाचा बुद्ध्यंक १०४ व्हायचा तो १०० झाला, तर ते मूल आजारी म्हणवले जात नाही. ते शाळेत जाते, उत्तीर्ण होते, कामाला लागते. त्याचे चार गुण कोणीतरी काढून घेतले, अशी तक्रार ना ते मूल करते, ना त्याचे आईवडील. ते गुण त्याला मिळायचे होते, हेच कोणाला ठाऊक नसते.

मी आयुष्याचा मोठा भाग शिकवण्यात घालवला, त्यामुळे या विषयाकडे मी वर्गाच्या दारातून आले. ‘लक्ष देत नाही’, ‘सांगितलेले लगेच विसरतो’, ‘एका जागी बसत नाही’, असे शेरे जगातल्या बहुतेक शिक्षकांनी कधी ना कधी लिहिलेले असतात. असा शेरा हे विषशास्त्रातले मोजमापही ठरू शकते, हे मला १९७९ सालच्या एका संशोधनामुळे कळले. मात्र त्याकडे येण्यासाठी शिशाची गोष्ट थोडी मागून सांगायला हवी.

१९२१ साली जनरल मोटर्समध्ये काम करणाऱ्या टॉमस मिजली या अमेरिकी अभियंत्याला असे आढळले, की पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग अगदी थोड्या प्रमाणात मिसळले, तर इंजिनात ठोके पडायचे थांबतात. हे पेट्रोल बाजारात आले ते ‘एथिल’ या नावाने. नावातून शिसे वगळलेले होते. शिशाच्या विषारीपणाची कल्पना तर रोमन काळापासून होती. १९२४ च्या ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात हे संयुग तयार करणाऱ्या कामगारांना भ्रम होऊ लागले, अनेकांना रुग्णालयात हलवावे लागले आणि पाच जण दगावले. म्हणजे या पदार्थाविषयीचा पहिला जाहीर इशारा फुप्फुसांनी किंवा पोटाने दिला नाही, मेंदूनेच दिला. ॲलिस हॅमिल्टन यांच्यासारख्या औद्योगिक आरोग्याच्या जाणकारांनी त्याच वेळी कडाडून विरोध केला. विक्री काही काळ थांबली, समिती बसली, आणि १९२६ मध्ये विक्री पुन्हा सुरू झाली.

पुढची चार दशके या व्यवहाराला ज्या युक्तिवादाने आधार दिला, तो मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत शिकण्यासारखा भाग वाटतो. उद्योगाच्या बाजूने काम करणारे वैद्यक संशोधक रॉबर्ट केहो यांचे म्हणणे असे होते, की शिसे निसर्गात असतेच, ते सगळ्यांच्याच शरीरात सापडते, शरीर ते बाहेरही टाकते, आणि रक्तातले प्रमाण डेसिलिटरमागे ८० मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर काळजीचे कारण नाही. ऐकायला हे वाजवी वाटते. सगळ्यांच्या रक्तात जे आहे, ते स्वाभाविकच असणार, असे आपणही नकळत धरून चालतो.

या युक्तिवादातले भोक एका भूरसायनशास्त्रज्ञाला दिसले, आणि तेही वाट वाकडी करून. क्लेअर पॅटरसन उल्केतील शिशाच्या समस्थानिकांवरून, म्हणजे त्याच धातूच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंवरून, पृथ्वीचे वय काढत होते. ४५५ कोटी वर्षे हे १९५६ साली प्रसिद्ध झालेले उत्तर त्यांचेच. पण मोजमाप करताना त्यांना सारखा एकच त्रास होत असे: नमुन्यात जेवढे असायला हवे त्याहून कितीतरी अधिक शिसे प्रयोगशाळेच्या हवेतून, भांड्यांतून, स्वतःच्या केसांतून येत होते. त्यांना विलक्षण स्वच्छ प्रयोगशाळा उभारावी लागली, आणि ती उभारताना हे लक्षात आले, की शिसे त्यांच्या खोलीत नव्हे, तर जगातच सगळीकडे सांडलेले आहे. १९६५ साली त्यांनी लिहिले, की केहो ज्याला सर्वसामान्य म्हणतात ते फक्त सर्वत्र आढळणारे प्रमाण आहे. माणसाच्या शरीराचे नैसर्गिक प्रमाण त्याच्या सुमारे शंभराव्या हिश्शाइतके असावे. तुलनेला स्वच्छ माणूस मिळावा तरी कोठून? जिवंत माणसांत तो उरलाच नव्हता. पॅटरसन आणि त्यांचे सहकारी ग्रीनलंडच्या बर्फाच्या जुन्या थरांकडे गेले, आणि पुढे पेरूमधील सुमारे १६०० वर्षांपूर्वीच्या सांगाड्यांकडे. त्या हाडांत आजच्या माणसाच्या मानाने शेकडो पटींनी कमी शिसे निघाले. आपण सगळेच बाधित असू, तर बाधा दिसत नाही. ती दिसण्यासाठी दीड हजार वर्षांपूर्वीच्या मृताला साक्षीला बोलवावे लागते.

शिसे मेंदूत शिरते ते कॅल्शियमचा वेष घेऊन. दोन्हींचे आयन पेशीच्या यंत्रणेला सारखेच भासतात, त्यामुळे कॅल्शियमसाठी उघडणारी दारे शिशालाही उघडतात. मेंदूतील पेशी एकमेकींना जे संदेश देतात आणि शिकताना जे नवे जोड पक्के होतात, त्या दोन्हींत कॅल्शियमचे काम मोलाचे असते, आणि नेमके तेथेच हा तोतया बसतो. लहान मुलांचे आतडे मोठ्यांच्या तुलनेत शिशाचा बराच अधिक हिस्सा शोषून घेते, आणि त्यांचा मेंदू तर अजून घडतच असतो.

आता १९७९. हर्बर्ट नीडलमन या बालवैद्यकाने मॅसॅच्युसेट्समधील दोन गावांतल्या पहिली-दुसरीच्या मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले. रक्तातले शिसे महिन्याभरात बरेचसे निघून जाते किंवा हाडांत जाऊन बसते. दातात मात्र आधीच्या वर्षांचा हिशेब राहतो. जी मुले कधीही आजारी म्हणून दवाखान्यात गेली नव्हती, ज्यांच्यात विषबाधेचे एकही लक्षण नव्हते, त्यांच्यापैकी दातात जास्त शिसे असलेल्यांचा बुद्ध्यंक काही गुणांनी कमी भरला. पण मी थांबले ती दुसऱ्या निष्कर्षापाशी. दोन हजारांहून अधिक मुलांविषयी त्यांच्या शिक्षकांना साधे प्रश्न विचारले होते: मूल चटकन विचलित होते का, कामात टिकून राहते का, सोप्या सूचना पाळते का. कोणाच्या दातात काय आहे, हे शिक्षकांना माहीत नव्हते. तरीही शिशाचे प्रमाण पायरीपायरीने वाढत गेले, तसतसे प्रतिकूल उत्तरांचे प्रमाणही वाढत गेले. शिक्षक स्वभावाचे वर्णन करीत होते आणि नोंद धातूची होत होती. ‘लक्ष देत नाही’ या वाक्याचा कर्ता कोण, हा प्रश्न त्यानंतर मला सरळ राहिला नाही.

चार-पाच गुणांनी काय बिघडते, असे विचारले जाते. एका मुलापुरते पाहिले तर फारसे काहीच नाही. परीक्षेच्या दिवशी नीट झोप झाली नाही तरी तेवढा फरक पडेल. पण बुद्ध्यंकाची मांडणीच अशी आहे, की सरासरी १०० आणि प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीच्या पसाऱ्याचे माप, १५ असते. दहा लाख लोकांत ७० च्या खाली साधारण २३ हजार जण येतात आणि १३० च्या वरही तितकेच. सगळी सरासरी फक्त पाच गुणांनी खाली सरकली, की ७० च्या खालचे जवळजवळ ४८ हजार होतात आणि १३० च्या वरचे दहा हजारांच्या आत येतात. मधल्या प्रचंड समूहाला काहीच कळत नाही. दोन्ही टोकांना मात्र एकीकडे ज्यांना आयुष्यभर आधार लागेल अशांची संख्या दुप्पट होते आणि दुसरीकडे विलक्षण बुद्धीच्या माणसांची निम्म्याहून कमी. ही हानी माणसात दिसत नाही, समाजात दिसते.

आक्षेप उघड होता. गरीब वस्त्यांत शिसेही जास्त असते आणि पुस्तके, पोषण, निवांतपणा यांची वाणही असते. मग दोष शिशाचा कशावरून? या आक्षेपाला सर्वांत स्वच्छ उत्तर न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथून आले. तेथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजाराहून अधिक मुलांचा आयुष्यभर मागोवा घेतला जात आहे. त्यांपैकी ५६५ जणांच्या रक्तातील शिसे अकराव्या वर्षी मोजलेले होते, आणि त्या गावाचे वैशिष्ट्य असे, की तेथे शिशाचा आणि कुटुंबाच्या आर्थिक स्तराचा संबंध नव्हता. पेट्रोलचा धूर श्रीमंतांच्या आणि गरिबांच्या अंगणात सारखाच पडत होता. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, बालपणी ज्यांच्या रक्तात डेसिलिटरमागे १० मायक्रोग्रॅमहून अधिक शिसे होते, त्यांचा अडतिसाव्या वर्षीचा बुद्ध्यंक इतरांपेक्षा ४.२५ गुणांनी कमी होता, आणि कामधंद्यात ती माणसे आपल्या आईवडिलांच्या तुलनेत खालच्या पायरीवर आढळली. गरिबीमुळे शिसे, हे आपल्याला माहीत होते. शिशामुळे गरिबी, हेही खरे निघाले.

दरम्यान अमेरिकेत धोक्याची मानली जाणारी रेषा ६० मायक्रोग्रॅमवरून ३०, २५, १०, २०१२ साली ५ आणि २०२१ साली ३.५ अशी उतरत गेली. ही शेवटची रेषाही सुरक्षिततेची नाही. सर्वाधिक शिसे असलेली अडीच टक्के मुले वेगळी काढण्यासाठी ती आखलेली आहे, आणि सुरक्षित पातळी कोणतीही नाही, असे ती आखणारेच सांगतात. उलट, सात ठिकाणच्या १३३३ मुलांची माहिती २००५ साली एकत्र तपासली, तेव्हा असे दिसले, की पहिल्या काही मायक्रोग्रॅमनी होणारे नुकसान पुढच्या मायक्रोग्रॅमनी होणाऱ्या नुकसानापेक्षा मोठे असते. २.४ वरून १० पर्यंत जाताना ३.९ गुण गेले, २० वरून ३० ला जाताना फक्त १.१. ‘थोडेसे असले तर चालते’ हा आपला रोजच्या व्यवहारातला विवेक येथे उलटा ठरतो.

पाऱ्याची गोष्ट वेगळी, कारण तेथे रुग्ण दिसत होते. जपानमधील मिनामाता येथे १९५६ साली या आजाराची अधिकृत नोंद झाली. मासे खाणारी मांजरे वेड्यासारखी नाचून मरत होती, आणि वरवर बऱ्या दिसणाऱ्या मातांच्या पोटी गंभीर मेंदूविकार असलेली बालके जन्माला येत होती. कारखान्याच्या सांडपाण्यातील मिथाइल मर्क्युरी हे कारण सरकारने मान्य करायला १९६८ उजाडले. डोळ्यांसमोर झटके येणारी माणसे असताना बारा वर्षे लागली; जेथे फक्त सरासरी सरकते, तेथे पन्नास लागली यात नवल नाही.

हवेतल्या सूक्ष्म कणांबाबत आपण आज त्याच वळणावर आहोत. अडीच मायक्रॉनहून लहान कण, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाएवढे, फुप्फुसांत खोलवर जातात. त्यांतले अतिसूक्ष्म कण रक्तात उतरतात, रक्तवाहिन्यांना आणि पेशींना दाह होतो. दुसरी वाट आणखी आखूड आहे: नाकाच्या वरच्या भागातून घ्राणचेतांच्या मार्गे थेट मेंदूत. या शतकाच्या आरंभी मेक्सिको सिटीतील लिलियन काल्देरोन-गार्सिदुएन्यास यांना प्रदूषित भागातल्या कुत्र्यांच्या मेंदूंत अल्झायमरची आठवण करून देणारे बदल आढळले. २०१६ साली बार्बरा माहेर आणि सहकाऱ्यांनी मेक्सिको सिटी व मँचेस्टर येथील ३७ मृतांच्या मेंदूंत मॅग्नेटाइट या लोहाच्या चुंबकीय खनिजाचे गोल, गुळगुळीत कण दाखवले. शरीरात आपोआप तयार होणारे स्फटिक कोनदार असतात, हे गोल कण उच्च तापमानाच्या ज्वलनातून येणाऱ्या कणांसारखे होते. कण सापडले म्हणजे त्यांनीच रोग घडवला असे सिद्ध होत नाही, आणि या शोधाच्या बातम्या देताना ही सीमा अनेकांनी पाळली नाही. मात्र दुसरीकडचा पुरावा साचत गेला, आणि २०२० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत वायुप्रदूषणाचा समावेश केला.

स्मृतिभ्रंश ही दूरची गोष्ट वाटते, म्हणून मला त्याच दिवशी दिसणारे परिणाम अधिक विचारात पाडतात. जर्मनीत संशोधकांनी बुद्धिबळाच्या स्पर्धांत खेळण्याच्या दालनातील हवा मोजली आणि प्रत्येक चाल संगणकाकडून तपासून घेतली. सूक्ष्म कण घनमीटरमागे १० मायक्रोग्रॅमने वाढले, की ठळक चूक होण्याची शक्यता २.१ टक्के-बिंदूंनी वाढत होती, आणि घड्याळ संपत आले असताना हा परिणाम तीव्र होता. खेळाडूने ती चूक नक्कीच आपल्या गाफीलपणाच्या खात्यात टाकली असेल. इस्राएलमधील शालान्त परीक्षांच्या अभ्यासात, एकाच विद्यार्थ्याचे धुरकट दिवशीच्या पेपराचे गुण त्याच्याच स्वच्छ दिवशीच्या गुणांपेक्षा कमी आढळले, आणि त्या घटीचा माग पुढे प्रौढपणीच्या कमाईपर्यंत लागला. परीक्षेचे वेळापत्रक वाऱ्याची दिशा पाहून लावत नाहीत. तरी गुणपत्रिकेत वाऱ्याचा वाटा असतो. बार्सिलोनातील ३९ शाळांत तर वर्षभर मागोवा घेतला गेला: कमी प्रदूषित शाळांतील मुलांची कार्यरत स्मृती, म्हणजे हातातले काम संपेपर्यंत गोष्ट मनात धरून ठेवण्याची ताकद, बारा महिन्यांत ११.५ टक्क्यांनी वाढली. अधिक प्रदूषित शाळांत ती ७.४ टक्क्यांनीच वाढली. येथे कोणाचे काही कमी झालेले नाही. सगळीच मुले पुढे गेली, म्हणून सगळेच पालक समाधानी राहिले असणार.

गोंगाटाला आपण प्रदूषण म्हणतो खरे, पण मनातून त्याला केवळ उपद्रव समजतो. १९७५ साली आर्लिन ब्रॉन्झाफ्ट यांनी न्यूयॉर्कमधील उन्नत रेल्वेमार्गाला लागून असलेल्या एका शाळेतील वाचनाच्या चाचण्या पाहिल्या. रुळांच्या बाजूच्या वर्गांतली मुले त्याच शाळेच्या शांत बाजूच्या मुलांपेक्षा मागे होती, वरच्या इयत्तांत तर जवळजवळ वर्षभराने. मग रुळांखाली रबरी गाद्या बसल्या, वर्गांच्या छतांना ध्वनिरोधक अस्तर लागले, आणि पुन्हा चाचणी घेतली तेव्हा हे अंतर उरले नव्हते. म्यूनिकचा विमानतळ १९९२ मध्ये एका जागेवरून दुसरीकडे हलवला गेला, तेव्हा संशोधकांनी दोन्ही ठिकाणच्या मुलांना आधी आणि नंतर तपासले. नव्या विमानतळाजवळच्या मुलांचे वाचन आणि दीर्घकालीन स्मरण खालावले. जुन्याजवळच्या मुलांचे वाचन सुधारले. एवढा निर्विवाद प्रयोग कोणी ठरवून केला असता, तर त्याला परवानगी मिळाली नसती.

या दोन उदाहरणांवर मी रेंगाळते, कारण स्मरणशक्ती वाढवण्याचे उपाय ज्या बाजारात विकले जातात, तेथे बुद्धी ही नेहमी एकट्या माणसाची मालमत्ता असते: त्याने काय खावे, कोणती कोडी सोडवावी, कोणते यंत्र घरात लावावे. हवा गाळण्याची यंत्रे एका खोलीपुरती उपयोगी आहेत, त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. पण न्यूयॉर्कच्या मुलांचे वाचन कोणत्याही मुलाने अधिक अभ्यास केल्यामुळे सुधारले नाही. रुळांखाली रबर घातल्यामुळे ते सुधारले. अमेरिकेत १९७६ ते १९८० या काळात पेट्रोलमधील शिसे घटत गेले आणि लोकांच्या रक्तातील सरासरी शिसे ३७ टक्क्यांनी उतरले. त्यासाठी एकाही नागरिकाला आपल्या सवयी बदलाव्या लागल्या नव्हत्या. उतारवयातही दार पूर्ण बंद झालेले नसते. अमेरिकेतील वृद्ध स्त्रियांच्या २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांच्या परिसरातील सूक्ष्म कण आणि नायट्रोजन डायऑक्साइड दहा वर्षांत अधिक घटले, त्यांच्यात स्मृतिभ्रंशाचा धोका कमी आढळला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सूक्ष्म कणांची वार्षिक मर्यादा १० वरून ५ मायक्रोग्रॅमवर आणली, आणि जगातील बहुतांश माणसे त्या रेषेच्या वरची हवा घेतात. म्हणजे आज आपण ज्याला चांगली हवा असलेला दिवस म्हणतो, तोही पॅटरसन यांच्या अर्थाने फक्त सर्वत्र आढळणारा दिवस असतो.

मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तेथील विक्री जुलै २०२१ मध्ये थांबली, मिजली यांच्या शोधानंतर शंभर वर्षांनी. बॅटऱ्यांच्या भट्ट्या, रंग आणि भांड्यांवरचा चकाकता मुलामा या वाटांनी शिसे अजून येतेच; युनिसेफच्या २०२० सालच्या अहवालानुसार जगातील दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात ते ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक आहे. आणि जे आधीच आत गेले आहे, ते हाडांत आहे. तेथून ते दशकानुदशके हलत नाही. उतारवयात हाडे झिजू लागली, की थोडेथोडे पुन्हा रक्तात येते. ज्यांचे बालपण शिसेयुक्त पेट्रोलच्या ऐन भरात गेले, ती पिढी, म्हणजे माझीही, आता नेमकी त्या वयात शिरते आहे. येत्या वीस वर्षांत स्मृतिभ्रंशाचे जे आकडे हाती येतील, त्यांतला या साठ्याचा वाटा वेगळा काढायचा, तर त्या माणसांच्या लहानपणीच्या रक्ताची नोंद हवी, आणि ती फार थोड्या ठिकाणी जपलेली आहे. ड्युनेडिनमध्ये ती आहे. तेथील मंडळींच्या मेंदूंचे चित्रण पंचेचाळिसाव्या वर्षी केले, तेव्हा बालपणी अधिक शिसे असलेल्यांचे स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पस आकाराने लहान आणि एकूण मेंदू वयापेक्षा थोडा म्हातारा दिसला. ती माणसे आज पन्नाशीत आहेत, आणि त्यांच्या तपासण्या अजून चालू आहेत.